उभ्याचा नवस

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मधुवंती ओट्याशी उभी राहून सोळा भाज्या चिरायला लागली आणि तिथूनच सगळं वाढत गेलं. नागपूरच्या बेसा भागातल्या त्या घरात भाजी विळीवर चिरायची, हा घटनेत न लिहिलेला कायदा होता. सुरीनं उभ्याउभ्या कारलं कापणारी सून यमुताईंनी शहात्तर वर्षांच्या आयुष्यात पाहिली नव्हती.

"काहून वं, खाली काटे पेरले का कोणी?" त्यांनी विचारलं.

"नाही आई, असंच."

त्या 'असंच'मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी एक गोष्ट दडलेली होती. दोन वर्षांपासून मधुवंतीच्या अंगातून वाफा निघत होत्या. मे महिन्यात नागपुरात कोणाच्या निघत नाहीत म्हणा. पण हिच्या डिसेंबरातही निघत. झोप उडाली होती. शाळेत फळ्यावर प्रमेय अर्धं लिहून ती थांबायची आणि पुढचं काय ते पोरांना विचारायची. नवरा विश्वनाथ कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस, तोही म्हणायचा की एवढी वाफ आमच्याकडे असती तर आणखी एक संच चालला असता.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, फायदे सांगितले, धोकेही सांगितले आणि तिच्या कमरेखाली कातडीच्या आत संप्रेरकाचा एक दाणा बसवून दिला. तो सावकाश विरघळणार होता, फरक पंधरा दिवसांनी जाणवायचा होता. खुर्चीवर खुशाल बसा, म्हणाल्या. पण पाच दिवस जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही. चीर उसवली तर दाणा बाहेर. तीन महिने वाट पाहून नंबर लागला तो नेमका महालक्ष्म्यांच्या तोंडावर. सोडावा तर पुढचा दिवाळीनंतर, आणि तोवर या वाफेवर दिवस काढायची मधुवंतीत ताकद उरली नव्हती.

सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. "पाळी गेली, बाई सुटली. त्याले औषध कायचं?" हे त्यांचं मत आजूबाजूच्या घरांना, अख्ख्या लेआउटला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरण शिजवायला बायजाबाई आल्या. दर वर्षी आल्याआल्या चहा मागणाऱ्या बायजाबाईंनी त्या दिवशी आधी मधुवंतीला हात जोडले.

"वहिनी, लय मोठा नवस केला तुमी. महालक्ष्म्या उभ्या, तं तुमीबी उभ्या. दिवस बुडेपर्यंत बूड टेकणार नाही म्हणते."

नवस नाही म्हणावं, तर मग काय ते सांगावं लागणार. मधुवंतीनं नुसती मान खाली घातली. आपल्याकडे खाली घातलेली मान म्हणजे स्टॅम्पपेपरवरची सही. डॉक्टरीणबाईंनी दिलेली खुर्चीची मुभा या नवसानं क्षणात काढून घेतली.

दहा वाजता ही बातमी लेआउटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होती. अकराला नऊ बाया दर्शनाला आल्या, महालक्ष्म्यांच्या नव्हे, मधुवंतीच्या. एकीनं नारळ ठेवला. समोरच्या सिंधूताईंनी पोरीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मधुवंतीनं काही कळेना म्हणून 'जमेल' म्हटलं, तर त्यांनी तिथल्या तिथे जावयासाठी सूट कोणत्या रंगाचा शिवायचा तेही विचारून घेतलं. विश्वनाथ टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसत होता. त्याला विड्याची पानं आणायला बाजारात पिटाळण्यात आलं.

दुपारी नैवेद्याची आरती सुरू झाली. धूप, निरांजनं, पुरणाची शेगडी आणि दाटीनं उभ्या चाळीस बाया. मधुवंतीच्या तळपायातून जी लाट उठली ती थेट टाळूला जाऊन आदळली. चेहरा लालबुंद झाला, घामानं कुंकू नाकावर ओघळलं, अंबाडा सुटला.

"अंगात आलं," सिंधूताई पुटपुटल्या, आणि आरती जागच्या जागी थांबली. चाळीस बायांनी हात जोडले. "माय, काय हुकूम हाय?" बायजाबाईंनी विचारलं.

"पंखा," मधुवंती कशीबशी म्हणाली.

अशी मागणी कोणत्याही देवीनं पूर्वी केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. तेवढ्यात मागून यमुताईंचा आवाज आला. "ऐकू नाही आलं का? देवीले गरमी होऊन राहिली. गच्चीवरचा कूलर काढा."

पावसाळ्यात ताडपत्री पांघरून झोपलेला कूलर खाली आला. शेजारच्यांनाही पुण्य हवं होतं, म्हणून त्यांचे दोन आले. तीन कूलर एकाच बाईकडे तोंड करून सुटले. महालक्ष्म्यांचे पदर उडाले, निरांजनं विझली, आणि मधुवंतीला वाटलं, दोन वर्षांत एवढं सुख झालं नव्हतं. तिनं डोळे मिटले. बायांनी तेही देवीच्या खात्यात घातलं.

पंगतीला पाट मांडले, रांगोळ्या घातल्या. पण एक सवाष्ण बसेल तर शपथ. नवसाची बाई उभी असताना आपण बसायचं कसं? गुरुजींना विचारलं. गुरुजींची स्वतःची कंबर धरलेली होती. त्यांनी क्षणभर डोळे मिटून शास्त्र आठवलं आणि उभ्यानं जेवायला हरकत नसल्याचं त्यांना आढळलं. मग जेवणाचं टेबल आलं, इस्त्रीचं टेबल आलं, पिंपावर कॅरमबोर्ड ठेवून त्यावर आंबील आणि कढी मांडली. ज्या म्हाताऱ्यांना दर वर्षी पंगतीवरून दोघांनी धरून उठवावं लागे, त्या दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढून घेत घरभर फिरल्या. जाताना प्रत्येकीनं मधुवंतीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मनापासूनचा होता.

दिवस बुडाला, घर रिकामं झालं. पाय भरून आले होते, तरी सासूला नमस्कार केल्याशिवाय सण पुरा होत नाही, म्हणून मधुवंती जपून पुढे झाली. यमुताईंनी तिचा दंड वरच्यावर धरला.

"वाकू नको. पाच दिवस सांगतले आहेत नं?"

मधुवंती होती तशी उभी राहिली. यमुताई शांतपणे सांगू लागल्या. परवा दवाखान्यातली नर्स घरच्या फोनवर बोलली होती: मॅडमना दाणा बसवलाय, पाच दिवस खाली बसू, वाकू देऊ नका. मग त्यांनी आधी 'काहून वं' विचारून सुनेची परीक्षा पाहिली, आणि ती काही बोलत नाही म्हटल्यावर एक नवस तयार करून बायजाबाईच्या कानात सोडला. तिथून पुढे पोहोचवायची काळजी करावी लागत नाही.

"पण आई, तुम्हीच म्हणता, त्याला औषध कशाचं."

"मले मिळालं नाही म्हणून म्हणत होती. माह्या वेळी मी न्हाणीत जाऊन गार फरशीवर गाल टेकवून पडत होती. कोणाले सांगू? तुझे सासरे म्हणत, यमुले पित्त झालं. दहा वर्सं लिंबाचं सरबत पाजलं त्या माणसानं मले."

दोघी हसल्या. हसता हसता मधुवंती म्हणाली, "आई, तुमचे उपकार कसे..."

"उपकार कायचे वं? किती वर्सांनी आज महालक्ष्मीचं जेवण जेवली आणि माह्या पायानं चालत खोलीत आली. उपकार तुह्ये." त्यांनी एक खुर्ची तिच्याकडे सरकवली, दुसरीवर स्वतः बसल्या आणि गुडघे चोळू लागल्या. "एक सांगायचं राहून गेलं. बायजाबाईनं विचारलं, नवस किती वर्सांचा. मी सोळाचा सांगतला."

"सोळा?"

"तवर मी ब्याण्णव वर्सांची होईन. मंग पाहू, खाली बसता येते का."