बाबूसिंग साहेबांची स्वावलंबन परीक्षा

"हा बाबूसिंग आडे जलमात कोनावर अवलंबून राह्यला नाही!" घाटंजीच्या बाजारात जो भेटेल त्याला साहेब ठणकावून सांगत होते. त्या वेळी त्यांची पिशवी, छत्री आणि चष्मा, तिन्ही त्यांच्या बायकोच्या, जमनीबाईंच्या हातात होती.

साहेब म्हणजे पंचायत समितीतले निवृत्त विस्तार अधिकारी. कळंबजवळ ज्येष्ठांसाठी नवी वसाहत झाली होती. स्वतंत्र घर, स्वतंत्र ओटा, सून नाही, सुनेच्या मालिका नाहीत! साहेबांनी जोडीनं अर्ज ठोकला. अट एकच होती, ज्याला स्वतःचं स्वतः करता येतं त्यालाच घर. म्हणून नवरा-बायकोची परीक्षा वेगवेगळी!

"अवं, तुयं कसं होईन?" साहेबांना खरोखर बायकोचीच काळजी लागली. "भेऊ नको. काही अडलं तर मले इचार."

"हव," जमनीबाई म्हणाल्या. बेचाळीस वर्षं त्या एवढंच म्हणत आल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी वसाहतीच्या व्यवस्थापिका फरहा मॅडमनी साहेबांना आत घेतलं आणि जमनीबाईंना शेजारच्या खोलीत पाठवलं.

"साहेब, बीपीची गोळी कोणती घेता?"

"पांढरी."

"नाव?"

"नाव कायले पाह्यजे? हात पसरला का गोळी येते!"

"कुठून येते?"

साहेबांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"बरं. एक कप चहा करून ठेवा, मी आलेच," म्हणून मॅडम बाहेर गेल्या.

साहेब ओट्यासमोर उभे राहिले. असला मुलूख त्यांनी दौऱ्यावरही पाहिला नव्हता! पण अधिकारी डगमगतो काय? त्यांनी खिडकीतून फाटकावरच्या चौकीदाराला हाक मारली. "जमीर! सोड ते फाटक, इकडं ये. चहा मांड!" मग आठवलं, चहात अद्रक पाहिजे. बागेत काम करणाऱ्या भुरीबाईला अद्रकसाठी पिटाळलं. स्वतः खुर्चीत बसून सूचना देऊ लागले. अगदी जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं त्यांना!

फाटकावर कोणी नाही म्हटल्यावर चार बकऱ्या आत शिरल्या आणि सरळ झेंडूच्या वाफ्यात घुसल्या. भुरीबाई ओरडत बकऱ्यांमागे, जमीर भुरीबाईमागे! इकडे दूध फसफसून उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं, धूर झाला. साहेब खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "अबे, कोनीतरी गॅस बंद करा!"

फरहा मॅडम धावत आल्या. "तुम्ही का नाही बंद केला?"

"चार्ज जमीरकडे होता!"

"म्हणजे चहा तुम्ही केलाच नाही?"

"करून घेतला, मॅडम! करन्यापेक्षा करून घेनं किती कठीन असते, तुमाले काय माहीत!"

तेवढ्यात जमनीबाई आल्या. त्यांचा पेपर कधीच सुटला होता. त्यांनी गॅस बंद केला, बाहेर जाऊन बकऱ्या हाकलल्या, ओटा पुसला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. कोणाला काही विचारलं नाही.

निकाल तिथंच लागला. जमनीबाई पास, घर मंजूर. साहेबांचं नाव मदतनीस लागणाऱ्यांच्या यादीत, तेही जागा रिकामी झाली तर!

साहेब गालातल्या गालात हसले. "मॅडम, हे काय एकटी राहीन? सांगून टाक वं यायले!"

जमनीबाईंनी पदराला हात पुसले. "सही कुठी करू?"

आता साहेब घाटंजीत पोराकडे असतात आणि दर रविवारी दुपारी एसटीनं कळंबला जातात. "बायकोले स्वतंत्र घर घेऊन देल्लं," असं गाडीत शेजारच्याला सांगतात. परवाही फाटकावर त्यांनी भेटणाऱ्यांच्या वहीत नाव लिहिलं आणि जमीरनं आत फोन लावला.

"काय झालं बे? सोड ना आत!"

"काकू झोपून राह्यल्या साहेब. म्हनत होत्या, पाचाच्या आत कोनाले सोडू नको."

बेचाळीस वर्षांत जमनीबाईंना दुपारी झोप येते हे साहेबांच्या कानावरच आलं नव्हतं!

"अबे, पन मी आलो हे सांगतलं का?"

"सांगतलं ना जी," जमीर म्हणाला. "त्याच्यावरच तर म्हनल्या, पाच नको, सहा कर!"