सुंदराचा खोकला

खांब गावच्या वरातीत, बँड ऐन रंगात आलेला असताना, सुंदरा घोडी खोकली. एकदा नव्हे, लागोपाठ सात वेळा. नवरदेवाचं बाशिंग घसरून नाकावर आलं आणि त्याने घाबरून आयाळच धरली.

"पोपटदादा, घोडी आजारी हाय काय?" नवऱ्याच्या मामाने विचारलं.

"आजारी? सुंदरा?" पोपट ताठ झाला. "अवो, बँडवाल्याचा सूर चुकला. तिला गाण्यातलं कळतं."

वरसे गावच्या पोपटला आपल्या घोडीचा भारी अभिमान. नऊ वर्षांत रोह्यापासून पेणपर्यंत दीडशे नवरे तिने मांडवात पोचवले होते. पण तीन महिने खोकला हटेना, बरगड्याही दिसू लागल्या. शेवटी बायकोने, मैनाने, त्याला न विचारताच जनावरांच्या डॉक्टर अपेक्षाताईंना बोलावलं.

ताईंनी घोडीची छाती ऐकली, सोनोग्राफीचं मशीन फिरवून पाहिलं. "फुप्फुसात गाठी आहेत. दुखणं जुनं आहे. घोड्यांचा एक विषाणू असतो, तो यामागे असू शकेल. नमुना तपासायला पाठवते."

"विषाणू? म्हंजे वायरस?" पोपट ओरडलाच.

ते कुंपणापलीकडच्या सखाने ऐकलं. दुपारपर्यंत आळीने कपाटातले जुने मास्क बाहेर काढले. दूधवाल्याने किटली फाटकाबाहेर ठेवून पळ काढला. पेणच्या लग्नघरातून फोन आला, "आमचा नवरा गाडीनंच येईल." न्हाव्याला बातमी कळली तेव्हा पोपटची अर्धी दाढी झाली होती, उरलेली अर्धी तशीच ठेवून त्याने गिऱ्हाइकाला बाहेर काढलं.

अर्ध्या दाढीनिशी पोपट घरी आला आणि सुंदराच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

"लोकांचं जाऊ दे. पण ही जगंल ना गो?"

धूळ नाकात जाऊ नये म्हणून मैनाने गवत पाण्यात भिजवलं आणि घोडीपुढे सारलं.

पंधरा दिवसांनी ताई आल्या आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "विषाणू सापडला, पण तो घोड्यांचा. माणसांना लागत नाही. दुखणं त्यानेच झालं का, हे शास्त्रज्ञांनाही अजून ठाम सांगता येत नाही. औषधाने आराम पडेल, पण वराती बंद. आणि पोपटराव, अशी केस क्वचित मिळते. आमच्या मोठ्या सरांना सुंदराचा अभ्यास करायचाय."

पोपटची मान वर झाली. "ऐकलंस काय रे सखा? अभ्यास! तुझ्या म्हशीचा केला काय कोणी?"

महिन्याभराने सर आले. पोपटने सुंदराला झूल चढवली होती, अख्ख्या आळीला बोलावलं होतं. सखा तर मोबाईल धरून पुढेच उभा.

"खोकते कशी, जरा ऐकू या," म्हणत सरांनी तिच्या छातीला नळी लावली.

सुंदरा निवांत गवत खात राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. औषध लागू पडलं होतं. अपेक्षाताई खूश झाल्या, मैनाने पदराने डोळे पुसले. पोपटला मात्र आळीच्या नजरा सोसवेनात. तो पुढे झाला, छाती भरून श्वास घेतला आणि लागोपाठ सात वेळा स्वतःच खोकला.

"अशी, सायेब! पण मानी हाय. चारचौघांत खोकायची नाय."