रिकाम्या स्टेडियममधली गर्दी

मला घाबरट म्हणू नका, मी सावध माणूस आहे. साथीमुळे सामन्यांना प्रेक्षक बंद झाले आणि प्रत्येक पेपरच्या एकाच क्रीडा वार्ताहराला स्टेडियमचा पास मिळू लागला. आमच्या पेपरचा पास माझ्या गळ्यात पडला. पण तिथल्या खुर्च्यांवर आधी कोण कोण शिंकून गेलं असेल, कुणी सांगावं? म्हणून मी बेत आखला. फुटबॉलची फायनल घरी टीव्हीवर बघायची आणि बातमी अशी झोकात लिहायची, की संपादकांना गवताचा वास आला पाहिजे!

"नोकरी घालवून बसाल," बायको म्हणाली.

"बघच तू!" मी म्हणालो. आतून मात्र धाकधूक होती. निम्म्या सहकाऱ्यांना आधीच नारळ मिळाला होता. त्यात आमचे संपादक महासंशयी. स्वतःच्या घड्याळातली वेळसुद्धा शिपायाला विचारून पक्की करतात.

सामना रंगात आला आणि त्यांचा फोन आला.

"कुठे आहात?"

"स्टेडियममध्ये, साहेब."

"मग पंख्याची घरघर कसली?"

मी झटकन पंखा बंद केला. "वारा सुटला होता, साहेब. पडला आता."

तेवढ्यात आमच्या कुकरने शिट्टी दिली.

"आणि हे?"

"रेफरी, साहेब. फाउल झाला."

"मीही टीव्ही लावलाय. मला नाही दिसला फाउल."

इतक्यात गोल झाला! मी टीव्हीचा आवाज होता तेवढा वाढवला आणि फोन त्याच्यासमोर धरला. "ऐका, साहेब! पब्लिकने स्टेडियम डोक्यावर घेतलंय!"

संपादक थंडपणे म्हणाले, "प्रेक्षकांना बंदी आहे ना? मग ओरडतंय कोण?"

बायकोने कपाळावर हात मारला. रिकामं स्टेडियम भकास वाटतं म्हणून टीव्हीवाले जुन्या गर्दीचा आवाज वाजवतात, ही बातमी आदल्या आठवड्यात मीच दिली होती.

नोकरी वाचली, पण पास गेला. आता रोज संपादकांच्या बंद केबिनमध्ये, त्यांच्या डोळ्यांसमोर बसून टीव्हीवर सामने बघतो. संपादक शिंक आली की मास्क हनुवटीवर ओढतात आणि मोकळेपणाने शिंकतात.

काल न राहवून विचारलं, "साहेब, तपासणी करून घेतलीत का?"

"माझ्यावर संशय घेता?" ते म्हणाले आणि त्यांनी मास्क खाली ओढला.