जाळी शाबूत आहे

एका जंगलात एक डॉक्टर होता. हसू नका बाळांनो, जंगलातसुद्धा लोकांना डॉक्टर लागतो, आणि डॉक्टरला लोक लागतात. कोणाला कोण जास्त लागतं, तेच आज सांगायचं आहे.

डॉक्टर जातीचा सुगरण पक्षी. नाव डॉक्टर सुगरे. सुगरणीत घरटं विणतो तो नर, आणि त्यांची एक रीत आहे. घरटं अर्धं झालं की नर थांबतो. माद्या येऊन बघतात. त्यांनी मान डोलावली तर तो ते पुरं करतो. त्यांनी नाक मुरडलं तर ते तसंच लोंबत ठेवतो आणि शेजारच्या फांदीवर नवीन मांडतो. बाभळीला त्याचं काही वाटत नाही, कारण ती झाड आहे.

त्याच जंगलात बायजा नावाची चितळीण राहायची. काटेरी तारेच्या कुंपणावरून उडी मारताना तिच्या मांडीचा लचका निघाला. थोरली बहीण चिमाक्का रोज तिची जखम चाटायची. हरणांच्यात पिढ्यान्पिढ्या तेच चालत आलेलं. जखम भरत होती, पण हळूहळू, आणि बायजाचा जीव टांगणीला लागला होता. उन्हाळा तोंडावर आला होता. जवळचा पाणवठा आटला की कळप डोंगरापलीकडच्या नदीवर जातो, आणि वाटेत वाघाचा मुलूख लागतो. तिथे पळावं लागतं. लंगडणाऱ्यासाठी कळप थांबत नाही. त्या दिवसापर्यंत बायजाला धड पाय हवा होता, बाकी काही नको होतं.

अशा वेळी डॉक्टर सुगरे आले. गवताच्या तंतूंची, डिंकात भिजवलेली एक जाळी त्यांनी शोधून काढली होती. ती जखमेत विणायची. मांडवावर कारल्याचा वेल चढतो तसं तिच्यावर नवं मांस चढतं, आणि मांस भरलं की मांडव आपला आपण विरघळून जातो. जाळी दिसेनाशी झाली की पेशंट बरा. कल्पना चांगलीच होती, उगाच खोटं कशाला बोला?

फक्त आजपासून चाटणं बंद, असं त्यांनी सांगितलं. चिमाक्काने कारण विचारलं. डॉक्टर हाताखालच्या मुनिया पाखरांकडे बघत म्हणाले, की चाटून बरं वाटलं तर श्रेय जाळीचं की जिभेचं, हे कसं ठरवणार? पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना त्यांना दुसरीकडे बघायची सवय होती.

चिमाक्का फणकारली. पण बायजाने तिलाच गप्प केलं. एवढे शिकलेले डॉक्टर आपल्या पायाशी बसून विणतायत, तू मध्ये पडू नकोस आक्का, म्हणाली.

विणकाम सुरू झालं. डॉक्टर रोज सकाळी येत आणि विचारत, "काय, कशी आहे आज?" बायजा आधी "बरी आहे" म्हणायची. मग तिच्या लक्षात आलं, की चौकशी जाळीची चालली आहे. ठणका लागतो म्हटलं की डॉक्टर म्हणत, वीण घट्ट बसत्येय, छान. भूक मेली म्हटलं तर ते त्यांना ऐकूच येत नसे. तरी बायजा रोज त्यांची वाट बघायची, कारण मांस खरोखरच चढू लागलं होतं. खालच्या कडेला, कोवळं, गुलाबी. कळपातल्या हरणींना बोलावून बोलावून ती ते दाखवायची.

जाळी अर्धी झाली आणि डॉक्टर थांबले.

परिषद भरली. लांबलांबच्या जंगलांतून विद्वान सुगरणी आल्या. बायजाला उंचवट्यावर पाय वर करून उभं केलं. सुगरणींनी जाळी या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली, एकीने चोचीने ओढूनही पाहिली. बायजाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोळे परिषदेच्या विषयात नव्हते. शेवटी सुगरणी म्हणाल्या, की गवताचं विणकाम आता जुनं झालं, आमच्याकडे कोळ्याचं रेशीम चालतं. नाकं मुरडून त्या उडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले नाहीत. नंतरही आले नाहीत. शेवटी बायजा लंगडत लंगडत त्यांच्या बाभळीखाली गेली. डॉक्टर एका रानडुकराच्या फाटक्या कानात कोळ्याचं रेशीम विणत होते.

"डॉक्टरसाहेब, माझा पाय अर्धाच राहिलाय."

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांनी तिला ओळखलं नाही. मग नजर मांडीवर गेली आणि ओळख पटली.

"अच्छा, गवताची वीण! तो विषय आम्ही बंद केला."

"मग मी काय करू?"

"तुम्ही उत्तम सहकार्य केलंत. आम्ही आभारी आहोत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी डुकराच्या कानात परत चोच घातली.

चिमाक्काने पुन्हा चाटायला घेतलं. पण जाळी घट्ट चिकटलेली, जीभ मांसापर्यंत पोचेना. गुलाबी मांस काळं पडलं, आत पू झाला. तरी बायजा म्हणायची, साहेबांना आठवण होईल, येतील. पाणवठा आटला. कळप निघाला. चिमाक्का बहिणीच्या चालीने सगळ्यांच्या मागून चालत राहिली. वाघाच्या मुलखात वाघ आला. चिमाक्का पळाली, पळावंच लागतं. बायजाला पळता आलं नाही. सावकाश सांगितलं तरी यात फरक पडणार नाही, म्हणून पटकन सांगितलं.

वाघाच्या दाढेत काहीतरी अडकलं. तो चिडून डॉक्टरांकडे आला. वाघ आला की डॉक्टर उठून उभे राहत, बसा म्हणत, कसं वाटतंय विचारत. त्यांनी दाढेत चोच घालून ओढलं तर अख्खी जाळी बाहेर आली. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले.

पुढच्या परिषदेत त्यांनी ती फांदीवर टांगली. वाघाने चावली तरी एक धागा तुटलेला नाही, म्हणाले. जाळी शाबूत आहे. सुगरणींनी माना डोलावल्या, गवताचं विणकाम पुन्हा चालू झालं. काय म्हणालास? जाळी विरघळायची होती ना? खाली बस. तिथे जमलेल्या विद्वानांना जे सुचलं नाही, ते तुला बरं सुचतं.

पेशंटचं काय झालं, असं एका सुगरणीने सहज विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या तपासणीला आली नाही. म्हणजे बरी झाली असावी."

मागे चिमाक्का उभी होती. नदीवरून एवढं अंतर उलटं चालून ती आली होती. ती म्हणाली, "ती माझी बहीण होती. तिचं नाव—"

"नाव नको," डॉक्टरांनी तिला थांबवलं. आता ते पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत होते. "पेशंटची गोपनीयता आम्ही फार काटेकोरपणे पाळतो."

तात्पर्य: डॉक्टर आणि पेशंट यांचं नातं विश्वासाचं असतं. पेशंटने डॉक्टरवर विश्वास ठेवावा आणि डॉक्टरने जाळीवर. म्हणून बाळांनो, मोठेपणी होता आलं तर जाळी व्हा. रोज सकाळी कोणीतरी येऊन विचारतं, कशी आहे आज.