अर्मासचं पितळी झाकण

"झाकण घट्ट लाव, सायमी. हवासुद्धा आत जाता कामा नये."

नवरा, अर्मास, जाऊन दीड वर्ष झालं, तरी पेट्रोल भरताना हे वाक्य कानाशी यायचंच. मग सायमी टाकीचं झाकण आणखी थोडं आवळायची. झाकण पितळेचं होतं. मूळचं हरवलं तेव्हा अर्मासनं ते कारखान्यातल्या लेथवर स्वतः घडवलं होतं, आत रबराचं जाड कडं बसवून. दुकानातली झाकणं श्वास घेतात, असं तो तुच्छतेनं म्हणायचा.

सायमीच्या हाती आली की ती गाडी अर्ध्या तासात आचके देऊन बंद पडायची. अर्मासच्या हातात कधीच नाही. "गाडीला माणूस कळतो," तो म्हणायचा. "अ‍ॅक्सिलरेटरवर तुझा पाय जड आहे." सायमीनं हे आधी मुकाट्यानं ऐकलं आणि पुढे खरंही मानलं.

जाताना त्यानं एकच मागितलं होतं. सर्व संतांच्या दिवशी आईच्या आणि माझ्या कबरीवर मेणबत्ती लाव, आणि याच गाडीनं ये. सायमीनं हात हातात घेऊन शब्द दिला होता. गेल्या वर्षी गाडी जंगलातच बसली. गावची दफनभूमी दिव्यांनी फुललेली आणि तेवढ्या दोन कबरी अंधारात. नणंदेचा, इर्याचा, फोन आला. "मी काही म्हणत नाही," एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर वर्षभर खरोखरच काही म्हणाली नाही.

म्हणून यंदा सायमीनं वेळेवर टाउनोला गाठलं. टाउनोचं गॅरेज होतं, आणि त्याआधी तो कारखान्यात अर्मासच्या हाताखाली होता. त्यानं पेट्रोलचा दाब मोजला. ठीक. तरी गाळणी बदलली. गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढत परत आली. पंप बदलला. पुन्हा ट्रॅक्टर.

"माझा पाय जड आहे," सायमी म्हणाली.

"पायाचा पंपाशी काय संबंध?"

"अर्मास म्हणायचा."

टाउनो पुन्हा बॉनेटखाली वाकला. अर्मासनं म्हटलेल्यावर बोलायची सवय त्याला कारखान्यातही नव्हती.

सणाच्या दिवशी दुपारी त्यानं दाबमापकाला लांब नळी लावली, मापक समोरच्या काचेवर वायपरखाली अडकवला आणि स्वतः शेजारी बसला. सायमी पाय जेमतेम टेकवून चालवत होती. आधी काटा ताठ होता. मग तो थरथरला, सावरला, पुन्हा खाली आला, प्रवचनात पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखा. शेवटी पडलाच. गाडी थांबली.

"पेट्रोल आहे ना?" टाउनो म्हणाला.

"अर्धी टाकी दाखवतंय."

"अर्मास त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही."

"कसला भरवसा. सिगारेटीला सारखा थांबायचा, आणि ती विझवली की झाकण उघडून टाकीत काठी घालून बघायचा. दर वेळी."

बोलता बोलता सायमी थांबली. टाउनोही तिच्याकडे बघेना. तो उतरला आणि त्यानं झाकण फिरवलं. टाकीनं लांब, खोल श्वास घेतला, फार वेळ पाण्याखाली दाबून धरलेल्या माणसासारखा. सायमीनं किल्ली फिरवली. काटा ताडकन उभा राहिला.

"बोल, टाउनो."

"पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. म्हणून झाकणाला बारीक वाट असते."

"आणि ह्याला?"

टाउनोनं झाकण उलटसुलट करून पाहिलं. "काम फार सुबक आहे," तो म्हणाला.

"म्हणजे माझा पाय?"

"पाय ठीक आहे तुझा."

सायमीनं थर्मासमधली कॉफी दोघांना ओतली. ती प्याली नाही.

"गॅरेजवर चल, बारीक भोक पाडून देतो," टाउनो म्हणाला. "मिनिटाचं काम."

"नको. त्याच्या कामात खोट काढलेली त्याला चालायची नाही."

गॅरेजवर टाउनोनं भंगारातलं एक साधं, श्वास घेणारं झाकण बसवलं. पितळी झाकण सायमीनं कोटाच्या खिशात घातलं.

"ते कशाला नेतेस?"

"त्याचं त्याला देते. मेणबत्तीखाली ठेवीन."

"इर्या विचारेल."

"तर सांगीन, त्यानंच घडवलंय."

बाहेर अंधारून आलं होतं. सायमीनं मेणबत्त्या शेजारच्या सीटवर नीट ठेवल्या, आणि आपल्या पायाकडे एकदाही न बघता गाडी रस्त्याला घातली.