नळीतून सांगितलेलं नाव

मुंबईच्या डॉक्टरांनी मुक्ताबाईला गळ्याच्या गाठीवर किरणोत्सर्गी आयोडीन पाजलं, आणि ती तिसगावला परतली तेव्हा भाच्याचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. आत्या ही एकटीच. नाव ठरवायचं तिनं, बाळाच्या कानात सांगायचं तिनंच, आणि तोवर ते कुणाला कळू द्यायचं नाही, अशी त्या घरची रीत. आणि डॉक्टरांच्या कागदावर तर लिहिलेलं, आठ दिवस लहान मुलांपासून लांब राहा.

"मग बारसं ढकलू की आठ दिस," भाऊ सहादेव म्हणाला.

कागद वाचायला आलेले नृसिंह गुरुजी मान हलवत म्हणाले, "आठ दिवसांत ते आयोडीन फक्त निम्मं होतं, सहादेव. पुढच्या आठांत निम्म्याचं निम्मं."

"मग संपतं कवा?"

गुरुजींनी बराच वेळ आकडेमोड केली. "गणितानं पाहिलं तर कधीच नाही."

मुक्ताबाईला स्वतःचं मूल नव्हतं. "म्हंजी म्या त्याला कधीच घ्यायचं न्हाई?"

गुरुजींना थांबणं माहीतच नव्हतं. "आयोडीन, क्लोरीन ही एकाच हॅलोजन कुळातली. क्लोरीन तर तुमच्या मिठातही आहे!" अहो, काय गरज होती? आई गोजरबाईनं मिठाची बरणी उकिरड्यावर रिकामी केली. मुक्ताबाईची खाट गोठ्यात गेली, आणि म्हशीला काही व्हायला नको म्हणून म्हैस बाहेर आली.

कधी संपायचंच नाही म्हटल्यावर बारसं ढकलण्यात अर्थ उरला नाही; त्या दिवशी सहादेवानं एक लांबलचक रबरी नळी आणली. एक टोक बाळाच्या कानाशी, दुसरं गोठ्यात. मुक्ताबाई नळीत पुटपुटली. बाळानं पाय झाडले. बायका "कुर्रर्र" ओरडल्या, पण आत्याच्या पाठीत धपाटे घालायला एकही पुढं सरेना.

"काय नाव ठिवलं गं, मुक्ते?" गोजरबाईनं अंगणातून विचारलं. "हितं कुनालाच ऐकू आलं न्हाई!"

"त्याला सांगितलंय. त्यालाच इचारा."

"अगं, पावनं खोळंबल्यात!"

"खोळंबू द्या. डॉक्टरचं आठ दिस भरलं की त्याला माज्या मांडीवर आनून ठिवा, मग सांगते. न्हाई आनलं तर ऱ्हाऊ द्या तसाच, बिननावाचा."

गुरुजी घाईनं पुढं झाले. "अहो, पण गणितानं..."

"गनित ऱ्हाऊ द्या, गुरुजी!" गोजरबाई कडाडली. "नातवाला काय जलमभर 'ए' म्हनून हाक मारू?"

पाहुणे अळणी आमटी जेवून गेले. आठ दिवस भरले त्या सकाळी, उजाडायच्या आत, गोजरबाई नातवाला घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. तिच्या मागं, नाव ऐकायला, गुरुजी.