दारातलं कपाट

रात्रपाळी करून ऑपरेटर घरी आला, तेव्हा त्याच्या आणि पलंगाच्या मध्ये एक लोखंडी कपाट उभं होतं. कोरं करकरीत, हिरवं, आतल्या खोलीच्या दारातच अडून राहिलेलं. कपाटाला खांदा लावून मेहुणा, मेहुण्याच्या मागे बायको, आणि दोघांच्या मागे शेजारच्या काकू, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आलात दाजी? बरं झालं. लावा हात."

"अरे, मला झोपायचंय."

"दोन मिनिटांचं काम आहे."

मेहुण्याची ही दोन मिनिटं उजाडल्यापासून चालू होती.

ऑपरेटर विजेच्या उपकेंद्रावर कामाला होता. रात्रभर काटे बघायचे आणि आकडे लिहायचे. काटा जिथे असेल तिथे असतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही. घरी आलं की मात्र सगळ्यांना सगळं नुसतं वाटत असायचं, आणि जे वाटायचं ते अगदी ठाम असायचं. त्यात आज दुसऱ्या पाळीचा जोडीदार रजेवर होता, म्हणून दुपारीच पुन्हा कामावर जायचं होतं. मधल्या वेळात डोळा लागला नाही, तर एका काट्याचे दोन दिसणार आणि नोकरीवर गदा येणार, एवढं त्याला दिसत होतं.

"माप घेतलं होतं का?" त्याने विचारलं.

"माप कशाला घ्यायचं? दिसतंय ना. जाईल ते."

"जात नाहीये."

"जाईल."

"अरे बाबा, जाईल हे तुझं मत झालं. जात नाही ही वस्तुस्थिती आहे. कपाट दारापेक्षा मोठं आहे, आत जाणार नाही."

"अहो, तुम्ही झोपेत आहात," बायको म्हणाली. "दुकानदार म्हणाला, हे कपाट कुठल्याही दारातून जातं."

"मला विचाराल तर दार फुगलंय," काकू म्हणाल्या. "हल्ली हवाच तशी आहे. आमचे हेसुद्धा फुगलेत."

आतल्या खोलीत अण्णा होते, ऑपरेटरचे वडील. निवृत्त झाल्यापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे. कपाट कुठे अडतंय हे आतून सांगायचं काम मेहुण्याने त्यांच्यावर सोपवलं होतं.

"अण्णा, कुठं लागतंय?"

"लागतंय," आतून आवाज आला.

"पण कुठं?"

"सगळीकडेच."

मग बिजागऱ्या खोलून दार काढलं. ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून ऑपरेटरच्या हातात दिलं. कपाटाची मूठ काढली, तिचा स्क्रू घरंगळत कुठेतरी गेला. काकूंनी घरून साबण आणून फरशीवर फिरवला. सगळ्यांनी मिळून जोर केला. कपाट तसूभर हललं नाही, मेहुणा मात्र सपशेल आपटला.

"साबणात काही दम नाही," बूड चोळत तो म्हणाला.

"चांगला आहे हो! आम्ही वर्षानुवर्षं तोच लावतो."

"ते दिसतंय म्हणा."

"काय दिसतंय?"

आणि कपाट राहिलं बाजूला, साबणावरूनच जुंपली. ऑपरेटर दाराला धरून उभ्या उभ्या पेंगत होता. डोळा लागणार एवढ्यात त्याच्या डोक्यावर चुन्याचा पोपडा पडला. मेहुण्याने हातोडी आणि छिन्नी घेऊन चौकटीवर पहिला घाव घातला होता.

"थांब!" ऑपरेटर ओरडला. "घर पाडायच्या आधी एकदा मोजून तरी बघा! काकू, टेप आहे का तुमच्याकडे?"

काकूंनी शिवणकामाची टेप आणली. बायकोने चौकट मोजली. मग कपाट मोजलं. मग पुन्हा चौकट.

"अहो," ती म्हणाली, "कपाट लहान आहे. चांगली चार बोटं जागा उरते."

ऑपरेटरने हातातलं दार मेहुण्याकडे दिलं आणि टेप हिसकावून स्वतः मोजलं. आकडे तेच.

"म्हणजे मोठं आहे हे तुमचं मत होतं, दाजी," मेहुणा म्हणाला. त्याचं बूड तेवढ्यात दुखायचं थांबलं होतं.

ऑपरेटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग अडतंय कशानं? तो फरशीवर आडवा झाला आणि कपाटाच्या पायांमधून आत पाहिलं. अण्णा जमिनीवर बसले होते. पाठ कपाटाला, पाय पलंगाला, आणि पलंग पलीकडच्या भिंतीला.

"अण्णा! काय करताय?"

"ढकलतोय." अण्णांना धाप लागली होती.

"अहो, पण आम्ही आत ढकलतोय!"

"मी बाहेर."

"मग सांगायचं नाही का, अण्णा?" बायको म्हणाली.

"मला कुणी विचारलं? कुठं लागतंय तेवढं विचारलंत, तेवढं सांगितलं. म्हणे कपाट खिडकीपुढे ठेवणार. मग मी काय दिवसभर कपाट बघत बसू?"

खोलीला खिडकी एकच होती, आणि त्याबद्दल कुणाचं वेगळं मत असणं शक्य नव्हतं.

"राहू दे मग बाहेरच," बायको हळूच म्हणाली.

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," मेहुणा म्हणाला.

ऑपरेटर अजून फरशीवरच होता. "अण्णा, चारचौघांत तोंडघशी पाडलंत मला. मी यांना सांगत होतो, आत जाणार नाही ही वस्तुस्थिती आहे."

"ऐकलं की मी," अण्णा म्हणाले. "पाय काढून घेणारच होतो. कंबर गेली होती रे माझी. पण म्हटलं, पोरगा एवढा छातीठोकपणे सांगतोय, त्याच्या वस्तुस्थितीला बापाने नाही तर कुणी टेकू द्यायचा?"

यावर काहीतरी चोख उत्तर द्यायला हवं होतं. पण फरशी गार होती, आणि साबणाचा वास बरा होता. मेहुण्याने दोन हाका मारल्या. काकू वाकल्या, ऑपरेटरच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "झोपले वाटतं."

त्या सकाळी त्या घरात कुणाला तरी वाटलेलं पहिल्यांदाच खरं निघालं.